नवऱ्याऐवजी सुपारी

आश्विन शुद्ध नवमी, म्हणजे खंडेनवमी. वेळ सकाळची.

हजर: गुरुजी. कारखान्याचे मॅनेजर. बॉयलरचे इन्चार्ज. लॅबमध्ये काचेची भांडी धुणाऱ्या मावशी. माझे केमिस्ट, कडक इस्त्रीचे कपडे घालून. मी, सुती साडी आणि वरून पांढरा ॲप्रन.

यायचे होते: मोठे साहेब, म्हणजे मालक. त्यांची गाडी वडखळच्या नाक्यावर अडकल्याचा फोन आला होता.

गैरहजर: माझा नवरा.

बसमधून उतरल्यापासून जो भेटेल तो विचारत होता, "मिस्टर कुठायत?" मिस्टर पेणला शाळेत नववीच्या वर्गाला भूमिती शिकवत होते. बस चुकली का? नाही. बरं नाही का? अगदी ठणठणीत. विसरले का? मुळीच नाही. मी बोलावलंच नव्हतं. हे उत्तर ऐकून लोक माझ्याकडे असे पाहत की जणू मी देव घरी विसरून पूजेला आले आहे.

आमची कंपनी रोह्याजवळ धाटावला. रंगांना लागणारी रसायनं तयार होतात. मी पेणहून कंपनीच्या बसने जाते, नागोठणं, खिंड, अष्टमी, मग कुंडलिका नदीवरचा पूल आणि रोहा. माझं काम तपासणीचं. तयार झालेला प्रत्येक माल आधी लॅबमध्ये येतो, आणि मी सही केल्याशिवाय टँकर गेटबाहेर पडत नाही. आधीचे लॅबप्रमुख निवृत्त झाले तेव्हा सगळा कारभार माझ्याकडे आला, पण माझ्या हुद्द्याआधी एक शब्द चिकटवला गेला: प्रभारी. त्याच उन्हाळ्यात बॉयलरलाही नवे इन्चार्ज आले. माझ्याहून पुष्कळ तरुण. तेही सुरुवातीला प्रभारीच होते. त्यांचा प्रभारी गणपतीच्या आधी गळून पडला. माझा तिसरा दसरा आला तरी तिथेच होता.

आता पूजेबद्दल. आमच्याकडे खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते आणि प्रत्येक विभागाचा प्रमुख ती आपल्या बायकोसह करतो. गुरुजी एका विभागातून दुसऱ्या विभागात जातात, मागोमाग सगळा स्टाफ. पहिल्या वर्षी माझ्या लॅबची पूजा मॅनेजर आणि त्यांच्या मिसेसनी "मॅडमच्या वतीने" केली. मी फुलं पुढे करत होते. दुसऱ्या वर्षी मॅनेजर म्हणाले, "ह्या वेळी तुमच्या मिस्टरांना बोलवा. तुमचं डिपार्टमेंट आहे, बरं दिसतं." मला तेव्हा ते बढतीच्या दिशेने टाकलेलं पाऊल वाटलं. नवऱ्याने अर्ध्या दिवसाची रजा काढली.

त्या पूजेत बायकोचं काम एकच. नवऱ्याच्या उजव्या हाताला बोटं लावून बसायचं. तो फूल वाहतो, पाणी सोडतो, आपण हात लावला की आपलंही झालं. समोर आमचा नाजूक तराजू होता. तो काचेच्या पेटीत असतो. पेटीचं दार उघडं राहिलं आणि शेजारी कोणी शिंकलं तरी आकडा हलतो. गुरुजी म्हणाले, "यंत्राला हळदकुंकू वाहा." माझा नवरा कुठलंही काम अर्धवट करत नाही. त्याने काचेचं दार सरकवलं आणि तराजूच्या ताटलीत चिमूटभर हळद, चिमूटभर कुंकू आणि वर अक्षता टाकल्या. माझी बोटं त्याच्या मनगटावर होती. मी ती जोरात दाबली. त्याला वाटलं, मला भरून आलं आहे. त्याने आणखी एक चिमूट वाहिली.

पूजा झाल्यावर मोठे साहेब आले. थेट त्याच्यापाशी गेले, हात हातात घेतला आणि म्हणाले, "वा! डिपार्टमेंट एकदम टापटीप ठेवलंय."

"थँक यू," नवरा म्हणाला.

परतताना बसमध्ये नागोठणं येईपर्यंत तो स्वतःलाच विचारत होता, "मी थँक यू का म्हणालो?"

"मला काय विचारतोस?"

"तोंडातून गेलं गं. मला ते यंत्र कशाचं आहे तेही माहीत नव्हतं."

"ते कळलं. ताटलीत दिसलं."

तराजू पुढे कितीतरी दिवस स्थिर होईना. मुंबईहून दुरुस्तीचा माणूस आणावा लागला. तोवर गेटवर टँकर उभे आणि ड्रायव्हर माझ्या नावाने बोटं मोडताहेत. महिन्याच्या मीटिंगमध्ये मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, ही काय घरची पूजा नव्हे. तुम्ही लक्ष द्यायला हवं होतं." त्याच खंडेनवमीला बॉयलरपाशी नारळ फोडताना मापकाची काच फुटली होती. तिच्याबद्दल मीटिंगमध्ये एकच वाक्य झालं: काच जुनी होती.

म्हणून तिसऱ्या वर्षी मी नवऱ्याला सांगितलंच नाही. पुढचा काही बेत ठरला होता असं मात्र नाही. तराजूवर प्लॅस्टिकचं कव्हर घालायचं आणि दाराला चिकटपट्टी लावायची, एवढंच ठरलं होतं.

त्या वर्षीही नेहमीचं परिपत्रक फिरलं: लेडीज स्टाफने साडी नेसावी, रांगोळी व ओवाळणीचं पाहावं. मला रांगोळीची सरळ रेघसुद्धा येत नाही. आमच्या कंपनीत सुंदर रांगोळी एकच माणूस काढतो, ते म्हणजे बॉयलरचे इन्चार्ज. चार बहिणींत वाढलेले. सकाळी कोणी यायच्या आत त्यांनी लॅबच्या दारात मोर काढला, त्याच्या पिसाऱ्यात रंग भरले आणि हात पँटला पुसत उभे राहिले.

"कोणी विचारलं तर तुम्ही काढली म्हणा हं, मॅडम. नायतर पोरं जन्मभर चिडवतील."

"आणि मला चांगली म्हणाले तर?"

"घ्या की फुकटात."

दिवसभर लोकांनी माझ्या मोराची तारीफ केली. मी मान डोलावत राहिले. काय करणार, शब्द दिला होता.

पहिली पूजा बॉयलरची. त्यांची बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी, माणगावला गेली होती. गुरुजींना त्याचं काहीच वाटलं नाही. त्यांनी पिशवीतून एक सुपारी काढली. "वहिनी नाहीत ना? मग ही त्यांच्या जागी. धोतर असतं तर कनवटीला लावली असती, आता उजव्या खिशात ठेवा."

"ही बरी, बोलत नाही," इन्चार्ज म्हणाले. सगळे हसले. मीही हसले. आणि हसता हसता माझ्या डोक्यात काहीतरी अडकलं. बॉयलरपासून लॅबपर्यंत चालत आले तरी ते सुटेना.

लॅबमध्ये दोन पाट मांडलेले होते. गुरुजी बसले, सामान लावलं आणि वर बघून म्हणाले, "यजमान?"

"येणार नाहीत," मी म्हणाले.

मॅनेजरांनी लगेच मोबाइल काढला. "काही हरकत नाही. मी बसतो. मिसेस इथेच कॉलनीत आहेत, आत्ता येतील."

"गुरुजी," मी म्हणाले, "मलाही एक सुपारी द्या."

गुरुजींना आधी वाटलं मला खायला हवी आहे. ते म्हणाले, "पूजा झाल्यावर घ्या की."

"तशी नको. नवऱ्याच्या जागी द्या."

"अहो, सुपारी बायकोच्या जागी असते."

"नवऱ्याच्या का नाही?"

गुरुजींनी शेंडीवरून हात फिरवला. "आजवर कोणी मागितली नाही."

"मी मागतेय."

"मॅडम, उगाच कशाला?" मॅनेजर हळू आवाजात म्हणाले. "साहेब पोचतायत. मिसेसला यायला काय वेळ लागतोय?"

मावशी मागे बादली घेऊन उभ्या होत्या. त्या अष्टमी गावच्या, साठीला टेकलेल्या, कोणाचं ऐकून घेणाऱ्या नव्हेत. "द्या वो गुरजी," त्या म्हणाल्या. "एक सुपारी तर हाय. आनि नवरा असून नसून काय करतो? गेल्या वर्साला बगलाव ना, समदा कुकू त्या काट्यात वतलान."

आता केमिस्ट पोरं तोंड फिरवून हसायला लागली. गुरुजींनी घड्याळ बघितलं. त्यांना धाटावमधल्या आणखी कंपन्या उरकायच्या होत्या, आणि माझा अंदाज आहे की धर्मशास्त्रापेक्षा त्या घड्याळाने मला जास्त मदत केली. "ठेवा उजव्या खिशात," ते म्हणाले. "पण हाताला हात कोण लावणार?"

"कोणी नाही. माझा हात मोकळा राहू दे."

मी पूजा केली. तराजूच्या पेटीला बाहेरून कुंकवाचं एक बोट लावलं, फूल समोरच्या ताम्हनात वाहिलं. मागे कुजबुज चालली होती, पण दोन्ही हात आपल्या ताब्यात असल्याचं बरं वाटत होतं. आरतीच्या मध्येच मोठे साहेब आले. आरती संपल्यावर त्यांनी इकडेतिकडे बघितलं.

"मिस्टर दिसत नाहीत?"

"मॅडमनी या वेळी सुपारीवर भागवलं, सर," मॅनेजर म्हणाले.

साहेब मोठ्याने हसले. "डेंजर आहेत मॅडम!" मग सगळेच हसले, कारण साहेब हसले होते. बाहेर पडताना त्यांना बॉयलरचे इन्चार्ज एका फिटरवर शिडी वाकडी लावली म्हणून ओरडताना दिसले. साहेबांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "कडक माणूस. असाच पाहिजे."

गुरुजी जाताना मला म्हणाले, "काम झालं की ती सुपारी वाहत्या पाण्यात सोडा." त्यांना पूजेचं काम म्हणायचं होतं. माझ्या मनात मात्र दुसरंच काम होतं, तो प्रभारी गळून पडण्याचं.

दसऱ्यानंतर मॅनेजरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "तुमची फाईल निघणार होती. पण साहेब जरा विचारात पडलेत. घरी काही प्रॉब्लेम आहे का, असं विचारत होते."

"कसला प्रॉब्लेम?"

"मिस्टर पूजेला नव्हते, म्हणून. रात्री-बेरात्री माल अडकला तर प्रमुखाला यावं लागतं. घरच्यांना चालेल का?"

"मी आलेली आहे. तुम्हीच गाडी पाठवली होती."

"मला माहितीय हो! मला कशाला सांगता? मिस्टरांना एकदा घेऊन या. 'आमची हरकत नाही' एवढं त्यांना तोंडी सांगू दे साहेबांना. दोन मिनिटांचं काम. लगेच ऑर्डर काढतो."

"बॉयलरच्या इन्चार्जच्या मिसेसना आणलं होतं?"

"त्यांचं वेगळं."

"काय वेगळं?"

"हे बघा, तुम्ही लगेच चिडता."

मी चिडले नव्हते. विचारलं होतं. बाहेर आल्यावर मात्र चिडले. आणि माझा राग तसा कामाचा असतो: दुपारपर्यंत लॅबमधल्या सगळ्या बाटल्यांच्या चिठ्ठ्या बदलून झाल्या. माझ्या हाताखाली पेणचीच एक मुलगी केमिस्ट आहे, नुकतं लग्न ठरलेली. ती मला चिठ्ठ्या कापून देत होती. केबिनचं दार उघडं होतं, बाहेरून जाताना तिने सगळं ऐकलं होतं. कापता कापता म्हणाली, "मॅडम, माझ्या वेळेला मी कोणाला आणू? बाबांना की सासऱ्यांना?"

ती गमतीत म्हणाली की खरंच, मला कळलं नाही. मी पुढची चिठ्ठी मागितली.

घरी नवरा पेपर तपासत बसला होता. मी सगळं सांगितलं.

"येतो की," तो म्हणाला. "सांगतो, हरकत नाही. संपलं."

"तुला शाळेत पर्यवेक्षक केलं तेव्हा मला कोणी विचारायला आलं होतं?"

"नाही."

"मला कधी कळलं?"

"मी पेढे आणले तेव्हा." त्याने लाल पेनाला टोपण लावलं. "म्हणजे नको येऊ?"

"नको."

"मग सुपारीलाच पाठव. माझ्यापेक्षा बरी, कुंकू सांडत नाही."

हसलो दोघं. पण झोपेपर्यंत माझं डोकं त्याच जागी फिरत होतं. दोन मिनिटं. खरोखर दोनच मिनिटं लागली असती. तो आला असता, साहेबांनी त्याचा हात हातात घेतला असता, याने पुन्हा थँक यू म्हटलं असतं आणि ऑर्डर माझ्या टेबलावर असती. ज्या कामासाठी मी इतकी वर्षं धावले ते त्या दोन मिनिटांपाशी येऊन उभं होतं आणि मी त्याला आत घेत नव्हते. शहाणपणा की हट्ट, ते ठरवता येईना. त्या आठवड्यात मी स्वयंपाकघरातले सगळे डबे रिकामे करून पुन्हा भरले. माळा आवरला. सासूबाईंच्या औषधांची पेटी वारांप्रमाणे लावली. हात थांबले की त्या मुलीचा प्रश्न ऐकू येई, बाबांना की सासऱ्यांना. म्हणून हात थांबू दिले नाहीत.

शेवटी मॅनेजरांना सांगितलं: साहेबांची वेळ घ्या, मी एकटी भेटते.

साहेब कारखान्यात आले त्या दिवशी मी इस्त्रीचा ॲप्रन घालून आत गेले. सुपारी उजव्या खिशात होती. मुद्दाम नेली नव्हती, तिथेच असायची.

"या मॅडम, बसा. मिस्टर काय करतात?"

"शिक्षक आहेत."

"छान. मग त्यांचं जेवणखाण, घर..."

"सर," मी म्हणाले, "रात्री बोलावलं तर मी येते. आलेली आहे. घरच्यांना विचारायचंच असेल तर सगळ्या इन्चार्जच्या घरच्यांना विचारा. त्या दिवशी मीही मिस्टरांना आणीन."

शेजारी बसलेले मॅनेजर चहात साखर नसतानाही चमचा फिरवत होते. साहेबांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, परत लावला. रागावले असं वाटलं नाही. ही गोष्ट अशी मांडता येते हे त्यांना नवीन असावं.

"बरं," ते म्हणाले. "करू."

बाहेर बॉयलरचे इन्चार्ज उभे होते. "काय झालं, मॅडम?"

"करू म्हणाले."

"करू म्हणजे?"

"तुम्हाला काय म्हणाले होते?"

"मला काय बोललेच नाय. डायरेक्ट ऑर्डर हातात दिली." एवढं बोलून ते स्वतःच्या बुटांकडे बघत राहिले.

ऑर्डर दिवाळीनंतर आली. प्रभारी गेला होता. विभागप्रमुख, असं स्वच्छ छापलेलं. मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना खालची ओळ दिसली: सहा महिने काम पाहून कायम करण्यात येईल. तीन दसरे काम पाहून झालं होतं, तरी अजून पाहायचं उरलं होतं. मी बॉयलरच्या इन्चार्जना त्यांची ऑर्डर दाखवायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून आणली. तशी ओळ तिच्यात नव्हती.

"मी विचारू का साहेबांना?" ते म्हणाले. मनापासून म्हणाले.

"तुम्ही नका विचारू. मी विचारते."

मावशी भांडी धुता धुता ओरडल्या, "झालास काय गो साहेब?"

"अर्धी झाले, मावशी."

"मग अर्धा पेढा तरी दे!"

पूर्ण पेढा दिला. सगळ्यांना दिला. त्या मुलीला दोन दिले. मोठे साहेब त्यानंतर कारखान्यात आलेले नाहीत, लग्नसराई आहे, मुंबईत असतात असं मॅनेजर सांगतात. मी त्यांना म्हटलं, मग पत्र देते. ते म्हणाले, "मॅडम, मिळालंय ना? आता कशाला?"

बॉयलरच्या इन्चार्जनी आपली सुपारी कधीच पुलाखाली सोडली. अष्टमीला उतरून पाच मिनिटांत काम उरकलं आणि मुलगी झाल्याचे पेढे घेऊन आले. माझी ॲप्रनच्या खिशात आहे. ॲप्रन धुवायला टाकताना काढते, धुतल्यावर परत ठेवते. बस रोज कुंडलिकेवरून जाते, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, पण पुलावर थांबत नाही आणि खिडक्यांना जाळी आहे. अष्टमीला उतरून चालत जायला हवं. त्यात काही अवघड नाही. गुरुजींनी काम झाल्यावर सोडा म्हटलं होतं, आणि काम झालं की नाही ते माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही.

ह्या सोमवारची यादी अशी होती. ॲसिडची मागणी नोंदवणे. ऑर्डरमधल्या खालच्या ओळीबद्दल साहेबांना लेखी विचारणे. सुपारी. संध्याकाळी पूल ओलांडताना ॲसिडवर खूण केली आणि बाकीच्या दोन ओळी मंगळवारच्या पानावर उतरवल्या.